अठ्ठ्याण्णव सालचा पहिला नंबर

"तिथं शांतता आहे," भरतेश म्हणाला.

"तिथं शांतता नाही," मी म्हणालो.

"अकरा सेकंद. स्टॉपवॉच लावून मोजलंय मी. चार वेळा."

"अरे, तिथं तो माणूस बोंबलतोय! ड्रम थांबलाय, बास थांबलाय आणि गिटार एकटीच वर चढून किंचाळायलीय. त्याला तू शांतता म्हणतोस?"

भरतेशनं माझ्याकडं दयेनं बघितलं. "दिनू, तुझं काय होतं सांगू? तुला नुसते आवाज ऐकू येतात. संगीत ऐकू येत नाही."

डिसेंबर अठ्ठ्याण्णवची ही गोष्ट. रविवारची दुपार होती. इचलकरंजीतल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून आम्ही दोघं टेपरेकॉर्डरसमोर बसलो होतो आणि गेला तासभर एकमेकांवर ओरडत होतो. बाहेरून जाणाऱ्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. आमच्या गावात दर गल्लीत यंत्रमाग चालतात. मागांच्या खडखडाटात माणसं जन्मतात, लग्नं करतात, त्यामुळं सगळं गावच ओरडून बोलतं. हळू बोलणारा माणूस आमच्याकडं संशयास्पद समजतात.

आम्ही ओरडत होतो ते यादीवरून. 'वर्षातील सर्वोत्कृष्ट दहा गिटार सोलो, रॉक व मेटल' अशी एक यादी आम्ही एक्क्याण्णव सालापासून दर वर्षअखेरीस काढायचो. सोलो म्हणजे गाण्यात मध्येच गायक गप्प बसतो आणि गिटारवाला एकटा आपल्या मनातलं काय ते सांगून घेतो, तो तुकडा. झेरॉक्सच्या एका कागदावर पाठपोट दहा सोलो, प्रत्येकाखाली चार ओळींचं परीक्षण. ती यादी त्रेसष्ट लोकांना पोस्टानं जायची. सांगली, बेळगाव, पुणे, मडगाव, आणि गुंटकलला एक रेल्वेतले गृहस्थ होते, ते उत्तरादाखल दर वर्षी आमच्या चुका काढून पाठवायचे.

समितीत आम्ही तिघे होतो. मी, भरतेश चौगुले, जो एका मोठ्या माग-शेडमध्ये जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा मेस्त्री, आणि अल्ताफ मुजावर, ज्याचं कॅसेटचं दुकान होतं. अल्ताफ त्या वर्षी मार्चमध्ये दुबईला गेला. तिथून तो कॅसेटी भरून पाठवायचा, पण मत द्यायचा नाही. "इथं ऐकायला वेळ नाही. तुम्ही ठरवा," एवढंच चिठ्ठीत.

तिघांचे दोघे झाले, आणि आमच्या लक्षात आलं नाही की दोघांमध्ये बहुमत नावाची गोष्ट नसते.

तिसऱ्या नंबरपासून दहाव्यापर्यंत एका बैठकीत जुळलं. पहिल्या नंबराला दोन उमेदवार उरले. एक ब्राझीलवाला, एक स्वीडनवाला. बँडची नावं होती, पण आम्ही आपसात देशानंच बोलायचो. ब्राझीलवाल्याचा सोलो तीन मिनिटांचा, घोड्यासारखा उधळलेला. माझं मत त्याला. भरतेशचं मत स्वीडनवाल्याला, आणि तेही त्यातल्या शांततेसाठी. जी तिथं नव्हतीच.

"परत लाव," तो म्हणाला.

मी लावला. बरोबर त्या जागी भरतेशनं डोळे मिटले, तर्जनी वर केली. स्पीकरमधून अशी कर्कश किंकाळी निघाली की समोरच्या भांड्यांच्या दुकानातला माणूस वाकून बघायला लागला. भरतेशचा चेहरा मात्र देवळात बसल्यासारखा. अकरा सेकंदांनी ड्रम परत सुरू झाला तसं त्यानं बोट खाली घेतलं.

"ऐकलंस?"

"भरत्या, बहिरा आहेस का रे तू?"

हे मी म्हणालो. शब्द जसेच्या तसे आठवतात, कारण पुढं ते मला बरेच दिवस आठवत राहिले.

तो उठला. शर्टाच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढून त्यानं काउंटरवर ठेवला. "परीक्षण लिहून आणलंय. छापायचं तर हे छाप. नाहीतर यंदा यादी नाही." आणि शटरखालून वाकून निघून गेला.

मी कागद उघडला. लिहिलं होतं: "बाकीचे वादक जास्तीत जास्त किती वाजवता येईल हे दाखवतात. हा माणूस सगळं वाजवून झाल्यावर, बरोबर टोकाला पोहोचल्यावर, हात काढून घेतो. अकरा सेकंद काहीच नाही. त्या वेळात ऐकणाऱ्याला आपल्याच छातीतले ठोके ऐकू येतात. एवढी हिंमत यंदा दुसऱ्या कुणी केली नाही."

सात वर्षांत आमच्या यादीत इतकं चांगलं काही लिहिलं गेलं नव्हतं. आणि त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं. मी ते तीनदा वाचलं आणि मला त्याचा भयंकर राग आला.

नऊ दिवस आम्ही बोललो नाही. दहाव्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. तो कामावर होता. सुनंदावहिनी सांडगे वाळत घालत होत्या. मी त्यांना सगळी हकिकत सांगितली.

"म्हणजे तुमच्याशी भांडतात तरी," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"माझ्याशी तेवढंही नाही भाऊजी. वर्ष झालं. हाक मारली तर उत्तर नाही. कुकरच्या शिट्टीवर शिट्टी झाली तरी शेजारी बसून पेपर वाचतात. विचारलं तर म्हणतात, काय बोललीस व्हय? माझं काही चुकलं असंल तर सांगा म्हटलं, तर हसतात." त्यांनी हात पदराला पुसले. "त्यांना सांगा, काय ते स्पष्ट बोला म्हणावं."

मला वाटलं, घरचं काहीतरी आहे, आपण त्यात पडू नये. मी फक्त यादीचा निरोप ठेवून आलो. इतका मी हुशार.

संध्याकाळी भरतेश दुकानात आला. हातात वही. आमच्या समितीचे चौदा नियम होते, सगळे त्यानंच केलेले. प्रत्येक सोलो किमान सात वेळा ऐकला पाहिजे. जेवताना ऐकलेलं धरायचं नाही. पाचवा नियम असा की सर्दीनं कान दडपलेले असतील तर त्या सदस्याला मत नाही. एकदा अल्ताफला खोकत घरी पाठवलं होतं याच नियमानं. आता त्यानं बारावा नियम वाचून दाखवला: "मतं समसमान झाल्यास संगीताशी काडीचा संबंध नसलेल्या, परंतु परीक्षण करण्याचा दांडगा अनुभव असलेल्या निःपक्षपाती व्यक्तीस बोलवावे."

"असा कोण आहे?"

"डॉक्टर नलवडे."

डॉक्टर शामराव नलवडे गुरांचे डॉक्टर. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन हातकणंगले रोडला त्यांनी स्वतःचा दवाखाना काढला होता. पण त्यांची खरी ख्याती वेगळी. कोल्हापूर, सांगली, बेळगाव, तीन जिल्ह्यांतल्या जनावरांच्या प्रदर्शनांत खिलार बैलांचा पहिला नंबर तेच काढायचे. एका आमदाराच्या बैलाला त्यांनी तिसरा नंबर दिला होता आणि आमदार जवळ आल्यावर म्हणाले होते, "साहेब, तुम्ही पाठीमागं उभे राहिलात म्हणून बैल उंच होत नाही." भरतेशच्या सासऱ्यांचा बैल त्यांनी दोनदा नापास केला होता. सासरे अजून त्यांच्या पाया पडायचे.

"गिटार ऐकायला गुरांचा डॉक्टर?" मी म्हणालो.

"तुझ्यापेक्षा बरा."

मी मान्य केलं. ब्राझीलवाल्यावर माझा विश्वास होता. तो बैलालाही आवडला असता.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही दोघं टेपरेकॉर्डर आणि आठ मोठे सेल घेऊन दवाखान्यात गेलो. पत्र्याची शेड, मध्ये लोखंडी खोडा, ज्यात जनावर उभं करून तपासतात. खोड्यात एक म्हैस उभी होती, शेजारी तिच्या मालकीणबाई. डॉक्टर सत्तरीचे, ठेंगणे, गमबूट घातलेले. आमचं म्हणणं त्यांनी म्हशीच्या खुरातली जखम धुता धुता ऐकून घेतलं. मला वाटलं हाकलून देतील.

"दोन आहेत म्हणता?"

"दोन."

"वय?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. "याच वर्षीचे आहेत," भरतेश म्हणाला.

"म्हणजे एकाच गटातले. बरं झालं. दुधाच्या दातांचा आदत आणि सगळे दात आलेला जुळलेला एकत्र उभे करणारे लोक असतात." त्यांनी हात धुतले, कपाटातून प्रदर्शनाचा छापील गुणतक्ता काढला. बांधा, चाल, तोंडवळा, वशिंड, स्वभाव. प्रत्येकी वीस गुण. चष्मा चढवून त्यांनी पेन उघडलं. "वशिंड कशाला धरायचं यात?"

भरतेश विचार करून म्हणाला, "मधला उंचवटा डॉक्टर. सगळं गोळा होऊन वर येतं ती जागा."

"बरोबर. तेच वशिंड. आणा पहिला."

मी ब्राझीलवाला लावला. डॉक्टर खुर्चीवर बसले नाहीत. टेपरेकॉर्डरभोवती सावकाश गोल फिरले. एकदा समोरून, एकदा बाजूनं, एकदा मागं जाऊन कमरेत वाकून. तीन मिनिटं शेडमध्ये नुसता धुरळा. संपल्यावर त्यांनी शांतपणे गुण लिहिले.

"चाल चांगली," ते म्हणाले. "दम आहे. पण फार दाखवतोय. बाजारात विकायला आणल्यासारखा. आपल्या गोठ्यात असा नाचंल का?"

मला घाम फुटला. सात वेळा ऐकून जे माझ्या ध्यानात आलं नव्हतं ते त्यांनी एका फेरीत सांगितलं.

"दुसरा."

स्वीडनवाला सुरू झाला. डॉक्टर परत फिरायला लागले. "हा मोजून पाऊल टाकतो," ते पुटपुटले. "हां. बांधा आहे." भरतेशनं माझ्याकडं विजयानं बघितलं. मग ड्रम थांबला, बास थांबला. भरतेशनं डोळे मिटले, बोट वर केलं.

किंकाळी निघाली. पत्र्याच्या शेडमध्ये ती दुकानातल्यापेक्षा चौपट झाली. म्हशीनं खोड्यात अशी उसळी मारली की लोखंड करकरलं. दाराशी झोपलेलं कुत्रं उठून रस्त्यापलीकडं गेलं. मालकीणबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवून "अगं बया बया" सुरू केलं. मी स्वतः दात आवळून उभा होतो. आणि या सगळ्याच्या मध्यभागी भरतेश, डोळे मिटलेला, किंचित हसत, छातीवर हात.

डॉक्टर फिरायचे थांबले होते. टेपरेकॉर्डरकडं त्यांचं लक्षच नव्हतं. ते भरतेशकडं बघत होते. आमदाराच्या बैलाकडं त्यांनी असंच बघितलं असणार.

"परत लावा," ते मला म्हणाले. "तोच तुकडा."

मी मागं घेऊन लावला. भरतेशनं डोळे मिटले. डॉक्टरांनी ट्रे आणि त्यातला स्टीलचा चिमटा उचलला, भरतेशच्या मागं जाऊन उभे राहिले, आणि त्याच्या कानापासून वीतभर अंतरावर चिमटा ट्रेवर आपटला. टण्. मालकीणबाई दचकल्या. भरतेश हसतच होता.

त्यांनी मला खूण केली. मी टेप बंद केला. शेडमध्ये आता खरोखरची शांतता झाली. डॉक्टरांनी खुंटीवरची वासराच्या गळ्यातली छोटी पितळी घंटी घेतली आणि भरतेशच्या उजव्या कानामागं वाजवली. मग डाव्या. बारीक, स्वच्छ किणकिणाट. भरतेशचे डोळे मिटलेलेच, बोट वरच. टेप बंद झाल्याचं त्याला कळलेलंच नव्हतं. तो त्याच्या अकरा सेकंदांत होता.

"भरतेशराव," डॉक्टर खालच्या, घोगऱ्या आवाजात म्हणाले.

भरतेशनं लगेच डोळे उघडले आणि वळला. "काय डॉक्टर? ऐकलीत ना शांतता?"

"किती वर्षं झाली मागाच्या शेडमध्ये?"

"एकोणीस. का?"

डॉक्टरांनी घंटी त्याच्या डोळ्यांसमोर धरून हलवली. भरतेश बघत राहिला. पितळेची जीभ इकडून तिकडं हलत होती. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग मालकीणबाईंकडं, मग परत घंटीकडं.

"वाजतीय?" त्यानं विचारलं.

"वाजतीय," मी म्हणालो.

"बसा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी त्याला स्वतःची खुर्ची दिली आणि स्वतः औषधांच्या खोक्यावर, त्याच्या अगदी समोर बसले. "खालचं सगळं येतंय तुम्हाला. ढोल, माणसाचा जाड आवाज, मागाचा ठोका. वरचं बारीक गेलंय. माझ्या थोरल्या भावाचं असंच झालं. साखर कारखान्यात टर्बाइनपाशी होता. जनावराला विचारता येत नाही, ऐकू येतंय का म्हणून. म्हणून आम्ही मागून जातो. माणसाला विचारता येतं, त्यामुळं कुणी मागून जात नाही."

भरतेशनं डॉक्टरांच्या हातातली घंटी घेतली आणि स्वतःच कानाशी हलवून बघितली. मालकीणबाईंनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून तिला गप्प केलं होतं.

"मला वाटलं," तो शेवटी म्हणाला, "यंदा माग शांत चालायलेत. किरकिर नाही, शिट्टी नाही. मला वाटलं, माझा हात बसला."

मला एकदम सगळ्या वर्षाचा उलगडा झाला. कुकर. दुकानातला फोन वाजत असताना तो शेजारी निवांत बसायचा आणि मी म्हणायचो, काय हा मग्न माणूस. सुनंदावहिनींची हाक, बारीक आवाजातली. आणि मी त्याला काय म्हणालो होतो ते.

"भरत्या, मी त्या दिवशी..."

त्यानं हात वर करून मला थांबवलं. पिशवीतून वही काढली, पानं उलटली आणि पाचवा नियम काढला. मोठ्यानं वाचला. "कान दडपलेले असतील तर सदस्यास मताचा अधिकार नाही." मग डॉक्टरांकडून पेन मागून घेतलं, माझ्यासमोर आपलं मत खोडलं आणि बाजूला सही केली. तारीखसुद्धा घातली.

"हे सर्दीसाठी आहे," मी म्हणालो.

"सर्दी असं कुठं लिहिलंय? दडपलेले असं लिहिलंय."

"सर्दीनं दडपलेले असं लिहिलंय! तूच लिहिलंयस!"

त्यानं परत वाचलं. "व्हय," तो म्हणाला. "मग नियम अपुरा होता." आणि 'सर्दीनं' हा शब्दही खोडला.

अक्षर नेहमीसारखं नीट होतं. मला ते बघवेना. डॉक्टर म्हणाले, उद्या मिरजेला जा, तिथं कानाचे चांगले डॉक्टर आहेत, यंत्र मिळतं, शेडचं काम मात्र सुटलंच समजा. ते हे सगळं त्यांच्या जाड आवाजात, तोंड समोर ठेवून, एकेक शब्द तोडून सांगत होते. भरतेश मान हलवत होता. मग तो माझ्याकडं वळला.

"दिनू, तिथं तो काय करतोय?"

"कुठं?"

"त्या अकरा सेकंदात. शांतता नाही ना? मग काय आहे?"

मी सांगायला गेलो. वर जातो, म्हणालो. तार ताणतो. मग थरथरवतो. मग अजून वर. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की यातलं काहीच त्याच्यापर्यंत जात नाही. आठ वर्षं आम्ही सोलोंबद्दल लिहीत होतो आणि एक सोलो एका माणसाला सांगता येत नव्हता.

"सांगू नको," तो म्हणाला. "म्हण."

"काय?"

"गाऊन दाखव. खाली आणून. बाईंचं गाणं बाप्ये म्हणतात तसं."

मी आयुष्यात कधी गायलो नाही. शाळेत प्रार्थनेच्या वेळी मास्तर मला नुसतं तोंड हलवायला सांगायचे. मी डॉक्टरांकडं बघितलं. ते गुणतक्ता गुडघ्यावर ठेवून वाट बघत होते. मालकीणबाई म्हणाल्या, "म्हणा की. आम्ही कुणाला सांगतोय."

मी भरतेशच्या खुर्चीशी गुडघ्यावर बसलो, तोंड त्याच्या कानापाशी नेलं आणि तो किंचाळणारा स्वीडिश माणूस ओढून ओढून पोटापर्यंत खाली आणला. "ढूंऽऽ," मी सुरू केलं. "ढूं डुडुडुंऽ... डूंऽऽऽ" आवाज फाटला. पहिल्यांदा जमलं नाही. टेपवर ऐकून परत केलं. दुसऱ्यांदा मधली वळणं आली. तिसऱ्यांदा, खरं सांगतो, तिसऱ्यांदा मला स्वतःला तो तुकडा कळला. सात वेळा ऐकून नव्हता कळला. किंकाळी म्हणून मी त्याच्यावर फुली मारली होती. पण खाली आणल्यावर ती किंकाळी नव्हतीच. एक माणूस कुणालातरी लांबून हाक मारतोय, ऐकू जात नाही म्हणून अजून जोरात मारतोय, असं काहीतरी होतं ते. शेवटचं "डूंऽऽ" मी धरून ठेवलं आणि माझे डोळे भरून आले. म्हैस माझ्याकडं बघत रवंथ करत होती.

भरतेश मान खाली घालून ऐकत होता. मी थांबल्यावर त्यानं मान वर केली.

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच म्हणजे?"

"म्हणजे हेच आहे तिथं? हे असं?" त्यानं नाक मुरडलं. "हे तर कुणीही करतं रे. वर चढायचं आणि हात हलवत बसायचं. मला वाटलं गप्प बसलाय. गप्प बसला असता तर गोष्ट वेगळी होती." त्यानं विचार केला. "चौथा. जास्तीत जास्त चौथा नंबर."

"चौथा?" मी उठून उभा राहिलो. "अक्कल आहे का तुला? यंदाच काय, आठ वर्षांत असा तुकडा आलेला नाही! पहिला नंबर आहे हा!"

"तुझं मत ब्राझीलवाल्याला होतं."

"होतं! तो बाजारातला बैल आहे! नुसता नाचतोय!"

"मग माझं मत त्याला," भरतेश म्हणाला.

"तुझं मत तू खोडलंयस!"

"आता ऐकलंय की मी. तूच ऐकवलंस. नियमानं हक्क परत आला."

डॉक्टर नलवड्यांनी आळीपाळीनं आम्हा दोघांकडं बघितलं. "म्हणजे परत एक-एक," ते म्हणाले, गुणतक्त्याची बेरीज केली आणि कागद आमच्यासमोर धरला. दोघांना एकाहत्तर. "मी आमदाराला भ्यालो नाही," ते म्हणाले, "पण यात मला पडायचं नाही. नेऊन तुमच्या गोठ्यात बांधा दोन्ही." आणि ते म्हशीकडं वळले.

त्या वर्षी यादी पहिल्यांदाच उशिरा गेली, वीस जानेवारीला. पहिला नंबर विभागून. स्वीडनवाल्याचं परीक्षण मी लिहिलं, ब्राझीलवाल्याचं भरतेशनं, आणि दोन्हींत एकमेकांना टोमणे होते. गुंटकलच्या गृहस्थांनी कळवलं की समितीचा दर्जा खालावला आहे.

पण त्याआधी, त्या सोमवारी, आम्ही मिरजेला गेलो. सुनंदावहिनीही होत्या. आदल्या संध्याकाळी मी त्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्या आधी रडल्या, मग हसल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्यावर राग नव्हता," आणि परत रडल्या. दवाखान्यात रांग मोठी. बाकावर आम्ही तिघं ओळीनं बसलो. साधारण तासाभरानं भरतेशनं वही काढली.

"ब्राझीलवाला पण म्हण," तो म्हणाला.

"का?"

"त्यातलं वरचं पण निसटलं असणार माझं. न्याय सगळ्यांना सारखा पाहिजे. आणि मग तिसऱ्यापासून दहाव्यापर्यंत. दहाही."

"इथं?"

"मग कुठं?"

वहिनींनी सरकून मला मध्ये जागा करून दिली. मी त्याच्या कानापाशी तोंड नेलं आणि ब्राझीलवाला सुरू केला. समोरच्या बाकावरचे लोक बघायला लागले. पाचव्या सोलोपर्यंत माझा घसा बसला. वहिनींनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली, मी प्यालो आणि सहावा सुरू केला. भरतेश पेन्सिलीनं टिपणं घेत होता. मध्येच आतून एक नर्स आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"पेशंट कोण आहे यातलं?" तिनं विचारलं.

तिचा आवाज बारीक होता. भरतेशनं मान वर केली नाही. पेन्सिल वहीवर टेकवून त्यानं मला कोपरानं ढोसलं. "थांबू नको," तो म्हणाला. "हा चांगला आहे."